जपानी विमानाचा हिवाळा

आमच्याकडे थंडीची पहिली खूण म्हणजे एसी बंद करणं. मार्चमध्ये सुरू झालेली ती घरघर नोव्हेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी थांबते आणि घरातलं कोणीतरी गावाला गेल्यासारखं वाटतं. मग खिडक्या उघडायच्या. वर्षभरात त्या इतक्या घट्ट बसलेल्या असतात की नवऱ्याला त्यांच्याशी झटापट करावी लागते, आणि दरवर्षी तो त्याच खिडकीला त्याच शिव्या घालतो. खिडकी उघडली की शेजार घरात येतो. वरच्या मजल्यावरची खोबरेल तेलातली कढीपत्त्याची फोडणी, समोरच्या टॉवरमधल्या कुणाचा तरी कुकर, खाली खालिद लगूनच्या काठाने फिरणाऱ्यांच्या चार-पाच भाषांतल्या गप्पा. शारजात, अल मजाजमधल्या या घरात आम्ही कित्येक वर्षं राहतोय, पण आपल्या इमारतीत एवढी माणसं राहतात हे मला दर थंडीत नव्याने कळतं.

यंदा खिडकी उघडली त्या संध्याकाळी लेक तिथेच बसून नखं रंगवत होती. वाऱ्याच्या झुळकीबरोबर तो वास थेट माझ्यापर्यंत आला आणि मी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"ममा, व्हॉट हॅपन्ड?"

"काही नाही गं. विमानाचा वास आला."

"इट्स नेल पॉलिश."

तिचं बरोबर होतं आणि माझंही चूक नव्हतं. जुन्या विमानांच्या पंखांचे आणि शेपटीचे हलणारे भाग कापडाने मढवलेले असत. ते कापड ताठ बसावं म्हणून त्याला एक रोगण लावतात, आणि त्या रोगणाचा वास हुबेहूब नेलपॉलिशचा असतो. फरक इतकाच की ते बाटलीभर नसतं, बादलीभर असतं. काही वर्षांपूर्वीची एक अख्खी थंडी मी त्या वासात काढली. घरी आले की लेक नाक धरायची आणि नवरा विचारायचा, आज कुठलं पार्लर? आता तो वास आला की मला माझी ती थंडी आठवते आणि उगाचच डोळे पुसावे लागतात. माणसाला नेलपॉलिशने रडू येतं हे कुणाला सांगायची सोय नाही.

शारजाच्या पुढे, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात एका बाजूला फायबरच्या होड्या बनवणारे आणि दुसऱ्या बाजूला टायरचं गोदाम, यांच्या मधोमध एक शेड होती. बाहेर पाटी नव्हती. आत दुसऱ्या महायुद्धातलं एक जपानी लढाऊ विमान होतं, लोक ज्याला 'झिरो' म्हणतात ते, आणि ते पुन्हा आकाशात उडवायचं असं आमच्या अरबाबने मनावर घेतलं होतं. अरबाब म्हणजे मालक. इथे सगळेच मालकाला असं म्हणतात. आमचा अरबाब मोठा हौशी माणूस. आधी त्याने जुन्या मोटारी केल्या, मग ससाणे पाळले, आणि मग त्याच्या डोक्यात हे विमान शिरलं.

विमान होतं असं म्हणणंही धाडसाचं आहे. पॅसिफिकमधल्या कुठल्याशा बेटावर, जंगलात, ते युद्धापासून पडून होतं. मी पहिल्या दिवशी पाहिले ते जमिनीवर जुन्या ब्लँकेटांवर मांडलेले पत्र्याचे तुकडे. एकातून झाडाचं मूळ आरपार गेलं होतं. काही तुकड्यांचं अॅल्युमिनियम इतकं कुजलं होतं की बोटाने दाबलं तर पापडासारखं मोडायचं. मी शेडभर फिरून आले आणि आमच्या चीफला, रमोनला, विचारलं, की विमान कुठे आहे? रमोन फिलिपिनो, साठीचा, अतिशय शांत. तो ब्लँकेटांकडे हात करून म्हणाला, "मॅडम, धिस इज द प्लेन. इन्शाल्ला."

मी ड्रॉइंगवाली. विमानं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत मी बरीच वर्षं कॉम्प्युटरवर सुट्या भागांची ड्रॉइंग केली होती. मग ते खातंच बंद झालं आणि मी घरी बसले. घरी बसणं मला जमत नाही, आणि मी घरी बसलेली नवऱ्याला सोसत नाही, त्यामुळे या कामाचं कळल्यावर त्यानेच मला गाडीची किल्ली हातात दिली. काम असं, की प्रत्येक मोडका तुकडा घ्यायचा, घासूनपुसून त्याची मापं काढायची, जो भाग गळून गेलाय तो दुसऱ्या बाजूच्या तुकड्यावरून ताडायचा, आणि ड्रॉइंग करून द्यायचं. त्यावरून नवा भाग बनायचा. डाव्या पंखातलं एक हाड शाबूत सापडलं की आमच्यात आनंदीआनंद, कारण त्याच्यावरून उजव्याचं करता यायचं. मोडक्या गोष्टीवरून धड गोष्ट कशी असेल हे ओळखण्यात मी दिवसच्या दिवस बुडून जायचे. इतकं मन लावून मी स्वतःच्या घराचे पडदेसुद्धा कधी शिवले नाहीत.

सकाळी निघायचे तेव्हा धुकं असायचं. वाळवंटात धुकं पडतं हे पुण्यातल्या माझ्या बहिणीला अजून खरं वाटत नाही. पण पडतं, आणि असं पडतं की पुढची गाडी फक्त दोन लाल ठिपक्यांएवढी उरते. हायवेवर सगळे रांगत चाललेले, कुंपणापलीकडे एखादा उंट उभा असला तर त्याचे पाय तेवढे दिसायचे. शेडवर पोचेपर्यंत खारा वारा सुटायचा आणि धुकं विरायचं. मग इथल्या दाट, दुधाळ करक चहाचा कागदी पेला हातात धरून आम्ही शेडच्या दारात उन्हाला उभे राहायचो. यूएईत माणसं ऊन शोधतात असे दोनच महिने असतात, त्यामुळे त्या उन्हातही काहीतरी चैन केल्यासारखं वाटायचं.

"म्हणजे तुम्ही नवं विमान बनवताय आणि जुनं म्हणून खपवताय," असं नवरा म्हणायचा. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, पण त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. कारण पत्रा नवा होता, पत्रे जोडणारी रिबिटं नवी होती, कापड नवं होतं. इंजिन तर शत्रूचं होतं. मूळचं जपानी इंजिन मिळेना म्हणून अमेरिकन इंजिन बसवलं होतं. जुनं म्हणावं असं त्यात फार थोडं उरलं होतं. पण जो काही नवा तुकडा होता तो जुन्या तुकड्याच्या शेजारी ठेवून, त्याच्याकडे बघून बनवलेला होता. माझी आई ज्या पद्धतीने पुरणपोळी लाटायची तशीच मी लाटते, पीठ-पुरण दरवर्षी नवं असतं. ही तुलना मी नवऱ्याला ऐकवली. तो म्हणाला, पुरणपोळी उडत नाही. याच्याशी बोलण्यात अर्थ नाही हे मला लग्नानंतर लगेच कळलं होतं.

एक गोष्ट मात्र मला त्या विमानाबद्दल कधी पचली नाही. वजन कमी करायचं म्हणून त्याच्या प्रत्येक पट्टीला, प्रत्येक कडीला गोल भोकं पाडलेली होती. पायलटच्या खुर्चीलासुद्धा भोकं. पत्रा जेवढा पातळ घेता येईल तेवढा घेतलेला. आणि पायलटच्या पाठीशी, गोळी अडवायला म्हणून, काही म्हणजे काहीच नव्हतं. मी त्या खुर्चीचं ड्रॉइंग करत होते त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ज्याने हे मूळ ड्रॉइंग केलं असेल तोही माझ्यासारखाच टेबलाशी बसून, पट्टी-पेन्सिल घेऊन, मन लावून करत असणार. त्याला प्रत्येक भोकाने किती वजन वाचलं ते माहीत होतं. त्या खुर्चीत कोण बसणार याचा विचार त्याने घरी जाताना केला असेल का, असं माझ्या मनात येत राहिलं.

पत्र्याचं काम इक्बालभाई करायचे. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे, पन्नाशीला टेकलेले, दुबईतल्या देरात चौघांच्या खोलीत राहणारे. रोज मेट्रो, मग बस, मग कुणाची तरी लिफ्ट असं करत ते इतक्या लांब यायचे आणि तरी आमच्या आधी पोचलेले असायचे. आयुष्यभर त्यांनी बिल्डिंगांच्या एसीचे डक्ट वाकवले होते. "ताई, डक्ट लागला की वरून सीलिंग मारतात. माझं काम कधी कोणी बघितलंच नाही," असं ते म्हणायचे. इथे त्यांनी वाकवलेला पत्रा बघायला रमोन सगळ्यांना बोलवायचा. त्या माणसाला त्या वयात पहिल्यांदा आपलं काम आवडायला लागलं होतं, आणि ते त्यांच्या चालण्यातसुद्धा दिसायचं.

रिबीट मारायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून मशीन धरतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा टेकवून ठेवतो. शेपटीकडचा भाग इतका अरुंद की आत मीच मावायचे, म्हणून ड्रॉइंगवाल्या बाईंच्या हातात ठोकळा आला. मी आत आडवी पडलेली, इक्बालभाई बाहेर, मध्ये पत्रा. एकमेकांचं तोंड दिसत नाही आणि मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. मग पत्र्यावर ठोकून सांगायचं. मी एकदा टकटक केली की अजून मारा, दोनदा केली की बस झालं. पुष्कळ दिवस आमचं संभाषण एवढंच होतं, आणि तेवढ्यावर आमची छान ओळख झाली.

असंच एकदा मशीनला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बंद पडला. मी आतच पडून राहिले, कारण बाहेर निघून परत शिरणं म्हणजे शिक्षा. सगळं शांत झालं आणि पत्र्यापलीकडून इक्बालभाई म्हणाले, "ताई, माझ्या माचा बाप ह्याच्यामुळे गेला."

"कशामुळे?"

"ह्याच्यामुळे. जपान्यांच्या विमानांमुळे. स्टीमरवर खलाशी होता. लढाईच्या टायमाला बंगालच्या उपसागरात जहाज होतं, विमानं आली आणि खलास. मा तेव्हा पोटात होती."

मी विचारलं, मग हे काम तुम्ही घेतलंत कसं?

"काम आलं, घेतलं. तेव्हा नुसते तुकडे होते. तुकड्यांचं काय वाटणार माणसाला? पण आता ते उभं राहायला लागलंय ना." मग ते म्हणाले, "आणि मा येतेय. विजिट विसावर. बोलते, इक्बाल विमान बनवतो ते मना बघायचं हाय. गावात सगळ्यांना सांगून बसलीये."

"तिला माहीत आहे? कुठलं विमान ते?"

"जुनं विमान आहे, एवढंच बोललो. ताई, तिने बघून नको म्हटलं तर दुसऱ्या दिवशी मी येणार नाही. कसम से. पण ते नंतरचं. तिला इथे आणून, ह्या वयात, हे दाखवायचं? आणि नाही दाखवलं तर काय सांगायचं?"

तेवढ्यात कॉम्प्रेसर सुरू झाला. मी ठोकळा टेकवला. पत्र्यापलीकडच्या माणसाला हे काम सोडावं लागू नये असं मला फार वाटत होतं, आणि त्याच्या आईला दुखवून ते राहावं असंही वाटत नव्हतं.

त्याच सुमारास मला कापडाचं काम मिळालं. कापड पंखाच्या आतल्या पट्ट्यांना मेणाच्या दोऱ्याने शिवायचं असतं, लांब सुई आरपार घालून, प्रत्येक टाक्याला गाठ मारत. शिवणकाम येतं का, असं रमोनने विचारलं आणि मी फुशारकीने हो म्हटलं. दिवसभर बसून ब्लाउजला हेम घालतात तसे बारीक, एकसारखे टाके मी घातले. रमोन चष्मा लावून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "मॅडम, व्हेरी ब्युटिफुल. प्लीज रिमूव्ह." एवढ्या जवळजवळ भोकं पाडली की कापड वाऱ्याने त्या रेषेवर फाटतं, हे मला मग कळलं. सगळं उसवताना इक्बालभाई समोर बसून हसत होते. आई यायच्या आधी ते मोकळं हसले ते बहुधा शेवटचंच.

ते विमान उडालं का, असं सगळे मला विचारतात. उडालं. थंडी संपता संपता, वाळवंटातल्या एका धावपट्टीवरून. इंजिन सुरू झालं तेव्हा आधी निळा धूर आला आणि मग असा आवाज, की छातीच्या आत काहीतरी हलतंय. ते पळत सुटलं, शेपटी उचलली गेली, आणि मी उसवून परत शिवलेलं कापड माझ्यासमोरून वर गेलं. पंखाखाली चाकं आत दुमडली गेली आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हे लढाईचं यंत्र आहे, याने माणसं मारली आहेत, हे सगळं मला माहीत होतं. तरी ते सुंदर दिसत होतं आणि मी रडत होते, आणि दोन्ही एकदम कसं होऊ शकतं याचा उलगडा मला आजही झालेला नाही. पुढे अरबाबचं मन भरलं. विमान मोठ्या खोक्यांतून परदेशातल्या कुठल्याशा संग्रहालयात गेलं. त्या शेडमध्ये आता प्लास्टिकच्या खुर्च्यांचं गोदाम आहे.

पण थंडी पडली की मला ते उडणं आठवत नाही. मला हलिमामावशी आठवतात.

हलिमामावशी म्हणजे इक्बालभाईंची आई. ती जानेवारीत आली आणि देरातल्या खोलीत तिची सोय नाही म्हणून आपल्या भाचीकडे, रुबीनाकडे, राहिली. रुबीनाचं घर आमच्यापासून दोन टॉवर सोडून. संध्याकाळी मावशी आणि मी लगूनच्या काठाने फिरायचो. साडीवर लोकरी स्वेटर, डोक्यावरून पदर, पायात रुबीनाच्या मुलाचे बूट. पंच्याहत्तरी ओलांडलेली ही बाई माझ्यापेक्षा भरभर चालायची आणि सगळ्याला नावं ठेवायची. कारंजी उगाच उडवतात. मासे बर्फात ठेवून मारतात. पाण्याकडे मात्र ती टक लावून बघायची. "बाय, ह्या पाण्याला भरती-ओहोटी हाय का?" असं तिने मला विचारलं. मी इतकी वर्षं त्या काठावर राहून कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं, "हाय. बारकी हाय, पण हाय."

आणि रोज शेवटी एकच प्रश्न. "विमान कधी दाखवतेस?"

आज पेंटिंग आहे, उद्या सुट्टी आहे, परवा अरबाबचे पाहुणे आहेत, असं मी आणि इक्बालभाई मिळून ढकलत राहिलो. तिचा परत जायचा दिवस जवळ आला तेव्हा ढकलायला काही उरलं नाही. एका शुक्रवारी, शेड बंद असते तेव्हा, रमोनची परवानगी काढून न्यायचं ठरलं. मी मावशींना गाडीत घेतलं. इक्बालभाई आधीच पुढे गेले होते. रस्ताभर मावशी धुक्यात बघत बसल्या होत्या.

शेडचं दार उघडलं आणि मला कळेना हसावं की काय करावं. विमानाला रंग लागून तो वाळला होता. हिरवट अंग, आणि पंखांवर न् दोन्ही कुशींवर जपानी विमानांचे ते मोठे लाल गोळे. इक्बालभाईंनी पहाटेपासून खपून एकूण एक गोळा रंगकामाच्या तपकिरी कागदाने झाकला होता, कडेने चिकटपट्टी लावून, अगदी नीट. जणू तेवढं झाकलं की विमान दुसऱ्या कुणाचं होणार होतं.

"इक्बालभाई, हे काय?" मी हळूच म्हटलं.

"पेंट चालू आहे असं सांगू."

मावशी विमानाभोवती सावकाश एक फेरी मारून आल्या. पंखाखाली वाकून गेल्या. नारळ वाजवून बघतात तसा बोटांनी पत्रा वाजवला. "हे सगळं तू ठोकलंस?" असं मुलाला विचारलं. त्याने मान हलवली. "चांगला केलायस," त्या म्हणाल्या. मग कागदाजवळ येऊन थांबल्या.

"हे कागद कशाला?"

"पेंटचं काम चालू आहे, मा."

"जपान्याचं हाय ना?"

इक्बालभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

"मना ठाव हाय," मावशी म्हणाल्या. "रुबीनाच्या पोरानं फोनवर दाखवलान, मी आले त्याच आठवड्यात. तू सांगशील म्हणून वाट बघत होते. तुझ्या तोंडातून काय निघेना, आणि ही बाय पण रोज काय ना काय कारण काढतेय."

"मा, तुला नको असेल तर मी उद्यापासून..."

"ते राहू दे. मना आत बघायचं हाय. तो बसायचा तिथं."

पायलटच्या जागेशेजारी आमची कामाची शिडी असायची, वर उभं राहायला फळी असलेली. मावशी एकेक पायरी चढल्या. इक्बालभाईंनी खालून शिडी घट्ट धरली, मी एक पायरी मागे. वर जाऊन त्यांनी काच धरली आणि आत डोकावल्या. भोकं पाडलेली ती खुर्ची, दांडा, गोल गोल घड्याळं. "एवढीच जागा?" त्या पुटपुटल्या. बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मग वाकून, खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं जिथे येईल तिथे आपलं डोकं आणायचा प्रयत्न केला आणि काचेतून बाहेर बघितलं.

"इक्बाल," त्या म्हणाल्या, "इथून खालचा माणूस दिसतो?"

इक्बालभाई ताबडतोब बोलले. जणू हाच प्रश्न येईल म्हणून त्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं. "नाही मा. काहीच दिसत नाही. इतकं वरून, एवढ्या स्पीडला... माणूस वगैरे काही कळत नाही. त्याला फक्त जहाज दिसत असणार. तो कोणाला बघत नव्हता, मा."

किती प्रेमाने बोलले ते. आणि मावशींचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला.

"नाय दिसत?"

"नाही."

त्यांनी काचेवरचा हात काढला नाही. "आमच्या गावचा एक होता त्या जहाजावर. वाचून आलेला. मी लहान होते तवा त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचे, माझ्या बाबाचं सांग म्हणून. तो बोलायचा, पोरी, जो तो आपला जीव घेऊन धावत होता, तुझ्या बाबाला कोणी बघितला नाय. वर होता की खाली होता, उडी मारलान की काय, कोणी बघितला नाय. मी पण नाय बघितला. घरात फोटो पण नाय. एवढा मोठा माणूस गेला आणि दुनियेत कोणी बघितला नाय त्याला." त्या परत आत बघू लागल्या. "मना वाटायचं, त्या विमानवाल्यानं तरी बघितलान असेल."

आम्ही सगळं उलटं धरून बसलो होतो, हे मला तिथे, त्या पायरीवर, लख्ख कळलं. कागद लावले, दिवस ढकलले, आणि ज्या एका गोष्टीसाठी ती बाई या वयात शिडी चढून वर आली होती तीच आम्ही तिला नाही म्हणून सांगत होतो.

मी त्या खुर्चीत बसले होते. पुन्हा पुन्हा बसले होते, कारण जपानी पायलटच्या बांध्याची शेडमध्ये मीच होते आणि मापं घ्यायला रमोन मलाच बसवायचा. या विमानाची काच चहूबाजूंनी असते. त्यातून जेवढं दिसतं तेवढं क्वचितच कुठल्या विमानातून दिसत असेल. आणि जहाजावर जे विमान खाली झेपावतं ते समोर बघूनच झेपावतं, त्याला बघितल्याशिवाय जमत नाही. हे खरं होतं, आणि ते सांगणं म्हणजे तिच्या बापाला कुणीतरी बघून मारलं असं सांगणं होतं.

"दिसतो, मावशी," मी म्हटलं.

इक्बालभाईंनी खालून माझ्याकडे असं बघितलं, की जणू ते मला कधीच माफ करणार नाहीत.

"खाली आल्यावर दिसतो. मी बसलेय तिथे. डेकवर उभा माणूस दिसतो."

"तोंड?"

"तोंडाचं मी सांगू शकत नाही. पण माणूस आहे, हे दिसतं."

मावशींनी मान हलवली, एकदा, मग परत एकदा. "मग बघितलान," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि मी शोधत होते तरी मला दुःखही सापडलं नाही. "कोणी तरी बघितलान त्याला."

त्यांनी पदर सारखा केला. मग त्या रिकाम्या खुर्चीसमोर दोन्ही तळवे उघडले आणि ओठ हलवत, गेलेल्या माणसासाठी म्हणतात तो फातिहा पढायला लागल्या. जन्मात त्यांना बापाच्या नावाने फातिहा पढायला कबर मिळालेली नव्हती. खाली इक्बालभाईंना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनीही हात वर केले, आणि खाली उतरून शिडी मी धरली.